कपाटामागचा हुंकार

शुक्रवार पेठेतून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एक शिंपी आणि एक बंद पडलेली पिठाची गिरणी यांच्या मधोमध 'ओसरी' नावाचे पुस्तकांचे दुकान आहे. तीन भिंतींना कपाटे आहेत आणि चौथे, सागवानी, दुकानाच्या मध्यावर आडवे उभे केलेले आहे. त्याने दुकानाचे दोन भाग पडतात: पुढे गिऱ्हाईक, मागे काम. सर्व कपाटांचे खालचे खण रिकामे असतात. पुराचे पाणी एकदा आत येऊन गेल्यापासून तिथे कोणी पुस्तक ठेवत नाही. नवखा माणूस कारण विचारतो, जुना विचारत नाही.

हे दुकान विश्वजित आणि क्रांती या नवराबायकोने काढले. दर गुरुवारी दिवेलागणीला तिथे मोठ्याने वाचन चाले. पेठेतली आणि नदीपलीकडची दहापंधरा माणसे बाकांवर बसत आणि एकजण वाचे. या वाचनाला एकच नियम होता, आणि तो विश्वजितने आपल्या आजोळाहून आणला होता. तिथे गोष्ट सांगणारा मध्ये थांबला की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असे. हुंकार आला तर गोष्ट पुढे जाई. नाही आला तर सांगणारा गप्प बसे, कारण झोपलेल्यांना गोष्ट सांगणे हा गोष्टीचा अपमान. ओसरीत पान संपले की वाचणारा थांबे. हुंकार आल्यावाचून पान उलटायचे नाही.

हुंकार देण्याचे काम पहिल्या दिवसापासून विश्वजितकडे होते. तो माणसांत बसत नसे. कपाटामागे तिपाईवर बसून तो फाटक्या पुस्तकांना खळ लावी, पुठ्ठे चढवी, आणि पान संपले की तिथूनच म्हणे, "हं." दिसत कोणालाच नसे. क्रांती गल्ल्यापाशी बसे. पुस्तकात काय चालले आहे याकडे तिचे फारसे लक्ष नसे. तिचे लक्ष त्या हुंकाराकडे असे. मजकूर पटला की तो लांबे, कंटाळा आला की पाकिटावर शिक्का मारावा तसा तुटे, आणि लेखकाने काही लबाडी केली असे वाटले की त्याचे टोक किंचित वर जाई. क्रांतीचे वडील बाबासो आणि विश्वजितची आई ही दोन माणसे या लग्नानंतर कित्येक वर्षे एकमेकांच्या घरी पाणी प्यायली नव्हती. पण या बाकांवर ती एका रांगेत बसली आणि त्याच एका हुंकारासाठी थांबली.

विश्वजित भाद्रपदात गेला. गडहिंग्लजच्या एका शाळेत पुस्तकांचे प्रदर्शन मांडायला तो निघाला होता. गठ्ठे एसटीत चढवून झाले होते, खिडकीशेजारची जागाही मिळाली होती, आणि गाडी सुटण्याआधीच त्याची मान कलली.

वाचन बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले उदयसिंह सरांच्या आग्रहाने. सर म्हणजे विश्वजितचे शाळासोबती, तंत्रनिकेतनात यंत्रकाम शिकवून निवृत्त झालेले. डोंगरातल्या एका धरणावर मुकादम म्हणून राबलेल्या माणसाच्या आठवणींचे पुस्तक ते वाचत होते, आणि ते नेमके अर्ध्यावर राहिले होते. अर्धवट काम सरांना खपत नसे. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सगळे पुन्हा जमले. हुंकार कोणी द्यायचा हा प्रश्न निघाला तेव्हा कोणालाच त्या जागी बसण्याचे धैर्य झाले नाही. सगळ्यांनी मिळून द्यावा, असे ठरले.

सरांनी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली. पान संपले आणि ते थांबले. बाकांवरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मिळून द्यायचा खरा, पण सुरुवात कोणी करायची हे ठरवायचे राहून गेले होते.

तेवढ्यात कपाटामागून आवाज आला.

"हं."

लांब नाही, तुटका नाही. ऐकतो आहे, पुढे चला, असे सांगणारा.

सरांचा हात पानावर तसाच राहिला. शेजारच्या शिंप्याने पाय बाकाखाली ओढून घेतले. मग सरांनी पान उलटले, कारण हुंकार आला होता आणि नियम तोच होता. त्या संध्याकाळी पुढची सगळी पाने तशीच उलटली गेली. कोणी ओरडले नाही, कोणी उठून पाहिले नाही. निघताना नदीपलीकडून दूध घेऊन येणारे म्हातारे पिराजी तेवढे म्हणाले, "वाचन सुरू झालं हे बेस झालं बगा," आणि तेही कोणाकडे न पाहता.

सगळे गेल्यावर क्रांती कपाटामागे गेली. तिपाई होती, कडक झालेला ब्रश होता, वाटीत वाळलेल्या खळीचे पापुद्रे होते. तिने तिपाईवर हात ठेवला. लाकूड थंड होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर हातोडी आणि विजेरी घेऊन हजर झाले. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, गिरणीच्या बाजूची मोरी तपासली, विजेच्या तारांचा माग काढला. शिंप्याला त्याच्या दुकानात उभे करून त्यांनी वेगवेगळ्या आवाजांत हुंकार द्यायला लावला आणि स्वतः इकडे कान लावून बसले.

"सर, आणि किती येळा म्हणू?" शिंपी पलीकडून ओरडला. "गिऱ्हाइकं हसाय लागल्यात हितं."

सरांनी हात धुतले आणि ते क्रांतीसमोर बसले. "वहिनी, मला कारण सापडलेलं नाही. कारण नाही, असं मी म्हणत नाही. सापडलेलं नाही, एवढंच."

"चहा घेणार ना?" क्रांती म्हणाली.

खरे म्हणजे तिला कारण नकोच होते. तिला तो आवाज हवा होता, आणि तो कसा मिळवायचा हे आता तिला कळले होते.

दुपारी दुकान रिकामे असे. हाताला येईल ते पुस्तक घेऊन ती गल्ल्यापाशी मोठ्याने वाचू लागली. पान संपले की थांबायची आणि हुंकार यायचा. पाककृती, ऊसलागवडीची पुस्तिका, स्पर्धा परीक्षांचे गाईड, काहीही चाले. एकदा तिने नव्या कुकरबरोबर आलेले माहितीपत्रक वाचले. त्यालाही हुंकार आला, पण असा तुटका की क्रांतीला भाद्रपदानंतर पहिल्यांदा हसू फुटले.

नुसते बोलले तर मात्र तिकडून काही येत नसे. "कुठं आहेस?" असे तिने विचारून पाहिले. "काही हवंय का तुला?" असेही विचारले. शिंप्याच्या मशीनची घरघर तेवढी ऐकू आली. मग एका दुपारी एक कादंबरी वाचताना, पान संपता संपता तिने स्वतःचे एक वाक्य घुसवले. सूर जराही न बदलता ती वाचल्यासारखी म्हणाली, "आणि तिने त्याला विचारले, तुला माझी आठवण येते का." मग ती थांबली.

"हं."

तो होकार नव्हता. पान संपले आहे हे कळल्याची ती खूण होती, कुकरच्या पत्रकाला मिळाली होती तशीच. क्रांती बराच वेळ त्या उघड्या पुस्तकावर हात ठेवून बसली. शेवटी तिने पान उलटले. नाही मिळाले उत्तर, पण एवढे तरी मिळत होते.

बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या गुरुवारी बाक पुरेनात. तालमीतली पोरे दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. एक अनोळखी गृहस्थ मुलाला घेऊन आत शिरले तेव्हा पिराजींनी त्यांना अडवले.

"पावणं, कुठनं आला?"

"कुरुंदवाडहून. तो आवाज ऐकायचा होता."

"आवाज न्हाय. हितं वाचन ऐकायचं असतंय. बसा खाली."

त्या दिवशी वाचन संपल्यावर मनाली मागे राहिली. कॉलेजात शिकणारी ही मुलगी पूर्वी वडिलांबरोबर यायची. गेल्या वर्षी हायवेवरच्या अपघातात ते गेले होते. तिच्या हातात एक जुने पुस्तक होते.

"काकू, मी एक पान वाचू? पप्पांना हा भाग फार आवडायचा."

क्रांतीने मान हलवली. मनाली उभी राहून वाचू लागली. एकही शब्द तिने गाळला नाही. पान संपले तेव्हा तिने डोळे मिटले.

"हं."

तिने ते नीट ऐकून घेतले. मग डोळे उघडून म्हणाली, "हे पप्पा नाहीत."

"नाहीत."

"पण ऐकलं कुणीतरी."

त्यानंतर लोक आपापली पुस्तके घेऊन येऊ लागले. कोणाची बहीण गेलेली, कोणाचा मित्र, कोणाचा पोटचा मुलगा. प्रत्येकाला एकच पान वाचायचे असे, आणि ते पान कोणीतरी ऐकल्याचे ऐकायचे असे. क्रांतीने कोणाला नाही म्हटले नाही. गुरुवारचे वाचन आता रोज होऊ लागले. लोकांची सोय होते आहे, असे तिने सरांना सांगितले, आणि स्वतःलाही तेच सांगितले.

पौष लागला आणि आवाजात फरक पडला.

तो सर्वांत आधी क्रांतीला कळला. हुंकार उशिरा येऊ लागला. त्याचे लांबणे गेले, तुटणे गेले, टोकाचे वर जाणे तर केव्हाच गेले. उरला तो एक कोरडा, सपाट स्वर. हा स्वर तिने पूर्वी एकदा ऐकला होता. तिची आई मीनाबाई दवाखान्यात होती तेव्हा क्रांतीला झोप मिळावी म्हणून विश्वजित ओळीने काही रात्री सासूच्या उशाशी बसला होता. म्हातारी घडीघडीला विचारी, "इस्वजित, जागा हायस न्हवं?" आणि तो म्हणे, "हं." शेवटच्या पहाटे क्रांती खोलीत गेली तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते, मान छातीवर पडली होती, आणि तरी आईने विचारताच हुंकार आला. माणूस झोपला होता, आवाज तेवढा जागा होता.

ती आठवण क्रांतीने मनातून बाजूला सारली आणि संध्याकाळच्या वाचनासाठी बाक पुसायला घेतले.

पिराजींनी मात्र आवाजातला फरक बाजूला सारला नाही. सकाळी दूध घालून ते उंबऱ्याशीच थांबले.

"वैनी, येक बोलतो. राग धरू नगा."

"बोला, मामा."

"त्यो दमलाय."

"कोण?"

"कोण म्हंजे. सगळ्यास्नी कळतंय, कुणी बोलत न्हाय इतकंच. आपण वाचतोय म्हणून त्यो बसलाय. रोज वाचतोय, म्हणून रोज बसलाय. जित्या माणसाला कुणी असं राबवत न्हाय की वो."

"मामा, दूध घालून झालं ना?" क्रांतीचा आवाज चढला नाही, पण त्याला धार आली. "मग निघा तुम्ही."

"निघतो." पिराजींनी किटली उचलली. "पर म्हसरंबी दावणीला बसून निवांत रवंथ करत्यात. तुमच्या मालकाला तेवढंबी न्हाय."

क्रांतीने दिवसभर हे वाक्य कामाखाली दडपून पाहिले. ते दडपले गेले नाही. दुसऱ्या दिवशी तिने दारावर पाटी लावली: काही दिवस वाचन नाही. तिने स्वतःही पुस्तक उघडले नाही. त्याला विश्रांती मिळेल, बरे वाटले की आवाज पूर्वीसारखा होईल, असा तिचा हिशेब होता.

पहिला दिवस शांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गल्ल्यापाशी हात बांधून बसली असताना कपाटामागे तिपाई करकरली. बसल्या जागी अवघडलेला माणूस वजन इकडून तिकडे करतो, तशी. मग पुन्हा काही नाही. मग, कोणीही काही वाचलेले नसताना, आवाज आला.

"हं?"

टोक वर गेलेले होते. तो लेखकाच्या लबाडीवरचा हुंकार नव्हता. तो प्रश्न होता.

क्रांती उठून मागे गेली. तिथे कोणी नव्हते. खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. ती तिपाईशेजारी उभी राहिली आणि तोच आवाज आता तिच्या कानापाशी, अगदी जवळून आला.

"हं?"

आणि तिने तो ओळखला. आपला डोळा लागला की काय, मधले काही ऐकायचे राहिले की काय, अशा धास्तीने दचकून जागा झालेला माणूस असाच आवाज काढतो. विश्रांती मिळाली नव्हती. इतका वेळ तो पान संपण्याची वाट पाहत ताटकळत बसला होता.

तिने कपाटातून हाताला लागले ते पुस्तक ओढले आणि उभ्या उभ्या, घाईघाईने, एक पान वाचून काढले.

"हं," तिकडून आले, आणि त्यात सुटका होती.

क्रांती खाली फरशीवर बसली. वाचले तर तो राबतो आणि नाही वाचले तर ताटकळतो. आपल्याला तो आवाज हवा आहे म्हणून तो या दोन्हींच्या मध्ये अडकून पडला आहे, हे तिला आता स्वतःपासून लपवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नदी ओलांडून पिराजींच्या गावाला गेली. ते त्यांच्या पुतण्याच्या गुऱ्हाळावर होते. काहिलीत रस उकळत होता आणि त्याच्या वाफेने सगळे छप्पर भरून गेले होते. पिराजींनी पोते झटकून तिला बसायला दिले.

"रागवून न्हाय आला न्हवं?"

"नाही, मामा. विचारायला आले. तुमच्याकडंही हुंकार द्यायची रीत होती ना?"

"होती म्हंजे? आमी पोरं असताना हितंच बसायचो. रस आटंस्तवर गोष्ट चालायची. हुंकार देणारा येकच. त्येला उठाय येत न्हवतं. उठला की गोष्ट मेली."

"आणि त्याला झोप आली तर?"

"दुसऱ्यानं उचलायचा."

"काय उचलायचं?"

"हुंकार. त्येच्या आदी आपण द्यायचा. त्येच्या तोंडातनं काढूनच घ्यायचा म्हणा की. येकदा घेतला की त्यो मोकळा. तितंच चिपाडावर आडवा व्हायचा गडी."

"पण आम्ही सगळ्यांनी मिळून द्यायचं ठरवलं होतं ना, मामा."

"सगळ्यांनी म्हंजे कुणीच न्हाय." पिराजींनी धुरापासून डोळे फिरवले. "त्या दिशी समदी येकमेकाच्या तोंडाकडं बघत बसलो. पान खोळंबलं. त्येला वाटलं असंल, कुणी न्हाय म्हंजे मलाच द्याय पायजे. मरून गेलाय, हे त्येला कुणी सांगाय नगं?"

 पुतण्याने क्रांतीला वाटीत गरम काकवी आणून दिली. ती तिने हातात नुसती धरून ठेवली.

"तुम्ही घ्या, मामा. हुंकार."

"मी घेतला असता वो. पर मला सरांचं वाचणं ऐकाय येत न्हाय. पुटपुटत्यात ते. इतकी वर्सं मी हितनं येऊन नुसता बसतो तितं."

एवढ्यातही क्रांतीला हसू आले, आणि त्याच्या मागोमाग दुसरेच काही आले. ते ओसरेपर्यंत पिराजी काहिलीकडे पाहत राहिले.

"मी घेतला," ती शेवटी म्हणाली, "की तो परत बोलणार नाही."

"न्हाय."

"कधीच."

"न्हाय, वैनी. आन निस्तं तोंडानं हूं म्हणून भागायचं न्हाय. गोष्ट ऐकाय लागंल. जो ऐकत न्हाय, त्येचा हुंकार गोष्टीला लागत न्हाय."

गुरुवारी पाटी काढली गेली. क्रांतीने सरांना धरणाच्या पुस्तकातला उरलेला भाग वाचायला सांगितला. दुसऱ्या कोणाचे पान आज नाही, असेही तिने दाराशी उभे राहून सर्वांना सांगितले. कोणी कुरकुरले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती गल्ला सोडून पुढच्या बाकावर, मनालीशेजारी येऊन बसली. शिंप्याने सरकून जागा दिली.

सर वाचू लागले. पान संपले. क्रांतीने हुंकार द्यायला एक क्षण उशीर केला. कपाटामागून, दुरून आल्यासारखा, तो आला. "हं." सरांनी पान उलटले.

दुसऱ्या पानाच्या शेवटी तिला एक नवी गोष्ट ऐकू आली. हुंकार देण्याआधी तो श्वास घेत असे. लहानसा, नाकातून. गल्ल्यापाशी बसून हा श्वास तिला कधी ऐकू आला नव्हता. तो पुन्हा ऐकावा एवढ्यासाठी तिने तेही पान जाऊ दिले, आणि त्याच्या पुढचेही. श्वास दर वेळी अधिक ओढून घ्यावा लागत होता. चढावर सायकल रेटणाऱ्याला लागतो तसा.

मग तिच्या लक्षात आले की सरांनी आतापर्यंत काय वाचले याचा एक शब्दही तिला सांगता येणार नाही. तिचा कान अजून कपाटाकडेच लागला होता. या दुकानात तिने कधी पुस्तक ऐकलेच नव्हते.

तिने मान वळवून सरांकडे पाहिले आणि ऐकू लागली.

धरणात पहिल्यांदा पाणी साठत होते. मुकादमाला काठावर उभे राहून पाण्याची पातळी पाहत राहायचे होते, कारण तेच त्याचे काम होते. समोर खोऱ्यात त्याचे स्वतःचे गाव होते. माणसे कधीच वर नेली होती. पाणी त्याच्या गल्लीत शिरले, मग त्याच्या दाराच्या पायरीवर आले. बरोबरचे लोक म्हणाले, तू जा, आम्ही पाहतो. तो म्हणाला, मी मोजायला सुरुवात केली आहे, तर मीच पुरे करीन. क्रांतीला ती पायरी दिसली. ती कशाची असेल, घडीव दगडाची की साध्या धोंड्याची, असा विचार तिच्या मनात आला, आणि पुढच्या ओळीत मुकादमाने तेच सांगितले होते. पाणी उंबऱ्याला लागले. पान संपले. सर थांबले.

श्वास येण्याआधी क्रांती म्हणाली, "हं."

तिचा आवाज जाड आणि परका होता. मनालीने चमकून तिच्याकडे पाहिले. कपाटामागे श्वास घेतला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. दुकानातले कोणी हलले नाही. मग तो श्वास हळूहळू सोडला गेला, फार लांब, डोक्यावरचे ओझे कोणीतरी उतरवून घेतल्यावर माणूस सोडतो तसा. तिपाई एकदा करकरली.

सरांनी मान वर केली नाही. त्यांनी चष्म्याखाली बोट घालून डोळा पुसला आणि पान उलटले.

पुढच्या प्रत्येक पानाला क्रांतीने हुंकार दिला. मध्ये एकदा तिचे लक्ष नकळत मागे जाऊ लागले, तेव्हा तिने ते ओढून आणले. आता तिने ऐकले नसते तर ऐकणारे कोणी नव्हते. मुकादम म्हातारा झाला, दुसऱ्या गावी राहिला, उन्हाळ्यात पाणी खाली गेले की एकटाच जाऊन ती पायरी पाहून येऊ लागला. एका ठिकाणी त्याने स्वतःचा मोठेपणा जरा जास्तच सांगितला, आणि क्रांतीच्या हुंकाराचे टोक आपोआप वर गेले. बाकांवर कोणीतरी दबक्या आवाजात हसले. पुस्तक संपले. सरांनी ते मिटून मांडीवर ठेवले.

"काकू," मनालीने हळूच विचारले, "तिथं आता कोणी नाही?"

"झोपलेल्या माणसाला उठवून विचारू नये."

"मग उद्या वाचायचं?"

"गुरुवारी," क्रांती म्हणाली.

माणसे उठली. कोणी सांगितले नव्हते, पण बाक ओढले गेले नाहीत, उचलून ठेवले गेले. तालमीतल्या पोरांनी चपला हातात घेतल्या आणि रस्त्यावर जाऊन घातल्या. पिराजींनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुजबुजायचा प्रयत्न केला.

"वैनी, उद्याच्याला दूध किती घालू?"

ते गिरणीपर्यंत ऐकू गेले. "हळू की वो, मामा," शिंप्याने डोळे वटारले.

मन नको म्हणत असतानाही क्रांती कपाटाकडे वळली आणि कान देऊन उभी राहिली. सगळेच उभे राहिले. तिकडून काही आले नाही.

भाद्रपदानंतरही ती दोघांचेच, लिटरभर, दूध घेत आली होती. तिने पिराजींकडे पाहिले आणि न बोलता, हाताने, अर्ध्या लिटरची खूण केली.